पाव तोळ्याची फेक

सराफाने चकती उलटीपालटी करून पाहिली आणि विचारले, “मास्तर, मोडायचीय का घडवायचीय?” बीडच्या बाजारात ओळखीच्या पेढीवर मी माझ्या मासेमारीच्या बेटकास्टर रीलची स्पूल वजन करायला नेली होती. घरचा काटा किराण्याचा, त्यावर ग्रॅमचे दशांश कळत नाहीत. सोन्याच्या काट्यावर कळतात. तंगूस गुंडाळलेली स्पूल भरली २५ ग्रॅम. तंगूस उतरवल्यावर १७. मग मी खिशातून आमिष काढले, पितळी पात्याचा, बोटाच्या पेराएवढा स्पिनर. तो २.९ ग्रॅम, जुन्या मापाने पाव तोळा. “ह्या पाव तोळ्यानं ती दोन तोळ्यांची चकती फिरवायची?” सराफ हसला. “शेळीला मोट ओढायला लावलीय तुम्ही.”

हलके आमिष आणि बेटकास्टर रील यांच्यातले भांडण इतकेच आहे. जपानी गळवाल्यांनी ते मिटवण्यासाठी एक वेगळी शाखाच काढली. तिला ते ‘बेट फिनेस सिस्टिम’ म्हणतात, बोलताना बीएफएस. आता आपल्याकडेही पुण्या-मुंबईचे, हैदराबादचे हौशी लोक त्यासाठी रील उघडून बसतात. स्पूल बदलतात, बेअरिंग बदलतात, चुंबके काढतात-घालतात. बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे धरण निम्मे वर्ष तळाशी असते, त्या खटाटोपातले काय उपयोगाचे आणि काय नुसती हौस, हे या लेखात पाहायचे आहे. मी स्वतः या हौशीत पैसे घालवले आहेत, त्यामुळे तटस्थतेचा आव आणत नाही.

आधी यंत्र. साध्या स्पिनिंग रीलमध्ये स्पूल फेकताना फिरत नाही. शिलाईच्या दोऱ्याचे रीळ उभे धरून टोकाकडून दोरा ओढावा, तशी तंगूस वेटोळ्या-वेटोळ्यांनी सुटते. आमिष कितीही हलके असो, त्याला फक्त दोरा ओढायचा असतो. बेटकास्टरमध्ये दोरा आडव्या स्पूलवरून उलगडतो, म्हणजे आमिषाला आख्खी स्पूल फिरवावी लागते. ज्यांनी विहिरीवरचा रहाट पाहिला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. रिकामी बादली जोरात खाली सोडली की रहाट वेग धरतो. बादली पाण्याला टेकते, पण रहाट थांबत नाही, आणि सैल पडलेला दोर कण्याभोवती भलतीकडे गुंडाळला जातो. आजी म्हणूनच रहाटावर तळहात टेकवून ठेवायची. बेटकास्टरवर तेच काम अंगठा करतो. अंगठा चुकला की दोऱ्याचा जो गुंता होतो तो सोडवताना दिवस मावळतो.

आमिष जड असले की हा गुंता टाळणे सोपे. १५ ग्रॅमचा बेडूक हवेत वेग टिकवून ठेवतो, स्पूलच्या पुढे राहतो. ३ ग्रॅमचा स्पिनर मात्र दोन्हीकडून मार खातो. सुरुवातीला तो स्पूलला वेग देऊ शकत नाही, आणि एकदा दिलाच तर हवेच्या विरोधाने स्वतः लवकर मंदावतो, स्पूल मागे धावतच राहते. फिरणाऱ्या वस्तूचे जडपण नुसत्या वजनावर ठरत नाही. ते वजन आसापासून किती लांब आहे यावर ठरते. अंतर दुप्पट तर फिरवायला चौपट जड. म्हणून ३४ मिलिमीटर व्यासाची स्पूल आणि २८ मिलिमीटरची स्पूल, वजन सारखेच धरले तरी, दुसरी फिरवायला जवळजवळ एक तृतीयांशाने हलकी. आणि स्पूलवर सर्वांत बाहेरच्या कडेला काय असते? आपण स्वतः गुंडाळलेली तंगूस.

या शेवटच्या गोष्टीकडे लोक बघत नाहीत, म्हणून जरा हिशेब करू. ०.३० मिलिमीटर जाडीची नायलॉनची तंगूस १०० मीटर घेतली तर तिचे वजन ८ ग्रॅमच्या आसपास जाते. माझ्या स्पूलवर तेवढीच होती. हलक्या आमिषाची फेक किती लांब जाते? चांगली पडली तर २० मीटर. मग उरलेले ८० मीटर मी कुणासाठी फिरवत होतो? तिथे ०.२० मिलिमीटरच्या आसपासची फ्लुरोकार्बन ४५ मीटर घातली तर वजन अडीच ग्रॅमच्या थोडे वर. फ्लुरोकार्बन नायलॉनपेक्षा घन असूनही. आणि वेणीची पीई दोरी, जपानी क्रमांक ०.६, ५० मीटर घेतली तर एक ग्रॅमसुद्धा नाही. रीलला हातही न लावता, पैसे जवळपास न घालता, बाहेरच्या कडेवरून पाच-सात ग्रॅम उतरले. स्पूल खोल असेल तर खाली थोडी टेप गुंडाळून तळ उंच करावा लागतो, एवढेच. माझ्या मते बीएफएसचा निम्मा फायदा इथेच आहे, आणि रील विकणारे हे सांगत नाहीत, कारण यात विकण्यासारखे काही नाही.

उरलेला निम्मा फायदा घड्याळजींच्या कामाचा आहे, आणि हे नुसते म्हणायला नाही. बेटकास्टरचा जन्मच घड्याळजीच्या बाकावर झाला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात पॅरिस नावाच्या गावी जॉर्ज स्नायडर नावाचा घड्याळे आणि चांदीकाम करणारा माणूस राहत होता. हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलला अनेक फेरे देणारे दातेरी रील त्याने घडवले आणि त्यावरून ‘केंटकी रील’ची परंपरा सुरू झाली. स्वीडनमधल्या ‘आबू’ कंपनीच्या नावातच घड्याळ दडले आहे. १९२१मध्ये स्वांगस्टा गावी ती निघाली तेव्हा तिचे नाव ‘आबे उरफाब्रिकेन’ होते, म्हणजे घड्याळांचा कारखाना. खिशातली घड्याळे, टॅक्सीचे मीटर असे करता करता ती रीलकडे वळली आणि १९५२मध्ये तिचे ‘अँबॅसडर’ आले. त्याच १९२१मध्ये जपानातल्या साकाई शहरात शिमानो सुरू झाली, सायकलच्या फ्रीव्हीलपासून. दाते, आस, बेअरिंग, इतकाच संसार.

जपान्यांनी आबूचे छोटे २५००-सी रील घेतले, त्याला ‘अव्हेल’सारख्या छोट्या कारखान्यांनी उथळ, भोके पाडलेल्या हलक्या स्पूल बनवल्या आणि डोंगरी ओढ्यांतल्या ट्राऊट माशांवर ते चालवले. ‘केटीएफ’ने दायवा आणि शिमानोच्या रीलसाठी तसेच केले. मोठ्या कंपन्या मागून आल्या. शिमानोचे २०१६चे आल्डेबारन बीएफएस १३० ग्रॅमचे होते. दायवाच्या २०२०च्या अल्फास एअरची स्पूल अवघी २८ मिलिमीटर व्यासाची आहे. पुढे शिमानोने २०२१मध्ये एसएलएक्स बीएफएस आणले, चिनी रील आणि चिनी स्पूलही आल्या. जी वस्तू आधी घरी घडवावी लागायची ती आता डब्यात तयार मिळते. म्हणून जुने रील उघडून ‘कस्टम’ करावे की तयार घ्यावे, हा प्रश्न आज वेगळ्या अर्थाने विचारावा लागतो. तुमच्याकडे चांगले जुने रील पडून असेल तर स्पूल बदला. नसेल तर बदलण्यासाठी म्हणून रील घेऊ नका.

स्पूल मागवताना एक ठेच मी खाल्ली ती सांगतो. ऑनलाइन दुकानाने ‘सर्व मॉडेलला चालते’ असे लिहिलेली स्पूल पाठवली. आस अर्ध्या मिलिमीटरने लांब निघाला. बाजूची टोपी बसली, पण स्पूल अडकली. परत घेण्याची मुदत संपली होती. तेव्हापासून मी रीलच्या पायावर कोरलेला क्रमांक आणि तो कोणत्या वर्षाचा, हे जुळल्याशिवाय काही मागवत नाही. एकाच नावाचे रील चार वर्षांनी आतून पार बदललेले असते.

बेअरिंगच्या बाबतीत बोलणे जास्त आणि फरक कमी. २८ मिलिमीटरच्या स्पूलवरून आमिष सेकंदाला २० मीटर वेगाने निघाले तर स्पूल त्या क्षणी मिनिटाला साडेतेरा हजारांवर फेरे घेत असते, त्यामुळे बेअरिंगचे महत्त्व खरे. पण कारखान्यातून येताना त्यात बहुधा घट्ट वंगण असते. ते काढून पातळ तेलाचा एक थेंब घातला तर जो फरक पडतो तो पोलादाऐवजी सिरॅमिक गोळ्या घातल्याने पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो. बहुतेक सिरॅमिक बेअरिंगची कडी पोलादाचीच असते, ती गंजतेच. शिवाय आपली धूळ. आष्टी-पाटोद्याकडे चैत्रात वारा सुटला की डोळ्यांत माती जाते, तिथे झाकण काढलेली बेअरिंग दोन दिवसांत कुरकुरायला लागते. मी झाकणाची पोलादी ठेवली आहेत. आसावरची बारीक पिन काढायची असते, ती घरी पक्कड लावून काढली तर आस वाकतो. शहरातल्या घड्याळजीने ती चिमट्याने आणि पितळी ठोक्याने दोन मिनिटांत काढून दिली, वर चहा पाजला. तेल शिलाई मशीनचे चालते. खोबरेल घालू नका, थंडीत थिजते. हा सल्ला मला कुणी दिला नव्हता.

ब्रेकचे शास्त्र मात्र गोड आहे. घराच्या भिंतीवरचे जुने वीज मीटर आठवा, काचेआड ॲल्युमिनियमची चकती हळू फिरायची. तिच्या कडेला एक लोहचुंबक असायचे. ते चकतीला टेकत नाही, तरी चकती भरकटू देत नाही, कारण फिरत्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात आणि तेच गतीला आडवे येतात. बेटकास्टरचा चुंबकी ब्रेक हाच. वेग वाढला की रोध त्याच प्रमाणात वाढतो. दुसरा प्रकार केंद्रापसारी ब्रेकचा. त्यात बारीक ठोकळे बाहेर फेकले जाऊन कडेला घासतात, रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे सुरुवातीला कडक आणि शेवटी जवळजवळ मोकळा. हलक्या आमिषाला शेवटी मोकळी सोडणारी व्यवस्था आवडते, पण सुरुवातीच्या धक्क्याला आवरणारे काहीतरी हवे. बीएफएस रीलमध्ये बहुधा चुंबक असते, आणि ज्या धातूच्या कडीत ते प्रवाह उठतात ती शक्य तितकी हलकी केलेली असते. जुन्या रीलमध्ये चुंबके काढून एक-दोन ठेवण्याचा प्रयोग लोक करतात. करा, पण एका वेळी एकच काढा.

काठीबद्दल थोडक्यात. रील कितीही हलके केले तरी ३ ग्रॅमने न वाकणारी काठी असेल तर सगळे व्यर्थ. १ ते ७ ग्रॅमची, टोकाला लवचीक, बेटकास्टरसाठी घोडा असलेली काठी हवी. हँडलची लांबी, गिअरचा आकडा, रंगीत बोल्ट, यांवर मी शब्द खर्च करणार नाही.

सरावासाठी वाडीच्या अंगणात ६ मिलिमीटरचा नट दोऱ्याला बांधून फेकतो. त्याचे वजन अडीच ग्रॅम भरते, म्हणजे स्पिनरच्या जवळपास, आणि गळ नसल्याने पोरांच्या अंगात शिरत नाही. बाजूने, कमरेच्या उंचीवरून, सपाट फेक. मनगटाने नट मागे घेताना काठी वाकल्याचा भार हाताला जाणवला पाहिजे. तो जाणवायच्या आत सोडले की फेक मेली. टांगलेला नट जमिनीकडे सावकाश उतरेल इतका बाजूचा स्क्रू सैल, आणि स्पूल डावी-उजवीकडे हलणार नाही इतका घट्ट. नट जमिनीला टेकण्याच्या क्षणाआधी अंगठा. महिनाभर रोज अर्धा तास लागला.

आता खरा प्रश्न. हे सगळे बीडमध्ये कोणत्या पाण्यावर, कोणत्या माशावर चालवायचे? सिंदफणेवरचे माजलगाव धरण, मांजरेवरचे धनेगावचे, बीडजवळचे बिंदुसरा, परळीकडचे नागापूरचे वाण, उत्तरेला गोदावरीचा काठ, आणि शिवारोशिवारी शेततळी. २०१६मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली त्यानंतर त्यांची संख्या वाढली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, कारण मांजरा धरण कोरडे पडले होते. हौस लिहिताना ही गोष्ट विसरता येत नाही. पाऊस झाला तर बहुतेक धरणांत पाणी उशिरा, भाद्रपदाच्या सुमारास चढते. तेव्हा ते गढूळ असते, छोटे आमिष माशाला दिसतच नाही. दिवाळीनंतर पाणी निवळते. मार्गशीर्ष ते माघ हा खरा हंगाम. मग पाणी ओसरते, गाळपेर सुरू होते, जिथे गळ टाकला होता तिथे टरबुजाचे वेल पसरतात, आणि पाण्याबाहेर बुडीत बाभळींचे काळे खुंट उघडे पडतात.

त्या खुंटांत चिलापी असते, आणि बीएफएसचे इथले खरे गिऱ्हाईक चिलापीच. मोझांबिक टिलापिया भारतात १९५२मध्ये आणली गेली आणि पुढे तळ्या-धरणांत जम बसवून बसली. ती मुख्यतः शेवाळ-गाळ खाणारी, पण घरट्याची जागा राखताना समोर आलेल्या छोट्या वस्तूला तोंडाने हुसकावते. तीनेक ग्रॅमचे जिग तळाशी खुंटाच्या सावलीत टाकून थांबायचे. खुंटाच्या वीतभर अलीकडे आमिष थांबवणे अंगठ्याने जमते, स्पिनिंग रीलने तितके नेमके जमत नाही. बेटकास्टरच्या बाजूने हा एकमेव खरा मुद्दा मला सापडला आहे. बाभळीच्या वाकलेल्या फांदीखालून सपाट, आवाज न करता टाकणे. त्याशिवाय पाण्यावर उड्या मारणारी बोटभर रुपेरी मासळी छोट्या स्पिनरला येते, आणि शेततळ्यात मरळीच्या कुळातले लहान मासे.

उलट बाजूही नीट सांगितली पाहिजे. अडीच ग्रॅमच्या खाली साधे स्पिनिंग रील निर्विवाद सरस आहे. समोरून वारा असेल तर बेटकास्टर घरी ठेवावे. माजलगावच्या उघड्या काठावर दुपारी तो असतोच. पीई दोरी हलकी खरी, पण उथळ स्पूलवर स्वतःच्याच थरात रुतते, आणि तिचा गुंता नखाने सुटत नाही, कात्रीने सुटतो. फ्लुरोकार्बन ताठ, छोट्या व्यासावर स्प्रिंगसारखी उसळते. नायलॉन उन्हात ठेवू नये. वैशाखात गाडीच्या डिक्कीत राहिलेली तंगूस मी हाताने तोडली आहे. ७ ग्रॅमपासून पुढे नेहमीचे बेटकास्टर विनातक्रार चालते. म्हणजे या सगळ्या कारागिरीचा इलाखा अडीच ते ७ ग्रॅम एवढाच, आणि तोही बिनवाऱ्याच्या सकाळी. पट्टा अरुंद आहे. पण त्या पट्ट्यात जी मजा आहे ती दुसऱ्या कशात नाही, हेही खरे.

शेततळ्याबद्दल इशारा. आतला प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की त्यावरून पाय घसरतो आणि वर येता येत नाही. माणसे बुडाली आहेत. एकट्याने जाऊ नये, दोर टाकून ठेवावा. आणि गळ तळाशी फरपटवू नये. शेतकऱ्याने लाखाच्या कागदाला पडलेले भोक दाखवले तर त्याच्यापुढे बीएफएसचे काय सांगणार?

धरणांवर परवानगीचाही प्रश्न आहे. तलाव आणि जलाशय मत्स्यव्यवसाय खात्यामार्फत मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. बीज त्यांनी सोडलेले असते, रोहू-कटला-मृगळ त्यांचे असतात. काठावर उभे राहण्याआधी त्यांना विचारणे ही रीत आहे. पैठणचा नाथसागर १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथे तर काठी काढूच नये. पवईवर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनसारखी गळवाल्यांची स्वतःची संस्था आहे. आपल्याकडे तशी घडी नाही, म्हणून भोयांशी ओळख हाच परवाना. विष आणि सुरुंग लावून मासे मारण्यावर १८९७च्या कायद्यापासून बंदी आहे, आणि ती मोडणारे अजून भेटतात. तेव्हा ठेकेदाराने अनोळखी माणसाकडे संशयाने बघितले तर राग मानू नये.

माजलगावला ज्या मामांच्या परवानगीने मी बसतो ते पहिल्या दिवशी रील हातात घेऊन म्हणाले होते, “मास्तर, ह्या काडीनं कव्हा पोट भरायचं?” मी म्हणालो, “पोटासाठी नाही मामा.” ते म्हणाले, “मग माशाला तरी कशाला तरास देता?” यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते, आणि एका सकाळी ते आणखी अवघड झाले. बेशरमीच्या झुडपापाशी चिलापीसाठी टाकलेल्या स्पिनरवर मरळ आली. मोठी होती. ०.२० ची फ्लुरोकार्बन झुडपाच्या बुंध्याला घासून तुटली, आणि स्पिनर तिच्या जबड्यात राहिला. हलकी दोरी घेऊन मरळीच्या घरापाशी टाकणे हा माझा दोष, रीलचा नव्हे. पावसाळ्यात नर मरळ पिल्लांच्या लाल थव्यावर पहारा देत असतो, तेव्हा त्याच्या तोंडावर आमिष नाचवणारेही आहेत. ते नरासकट सगळा थवा घालवतात. मरळीसाठी जाड वेणीची दोरी, जड काठी आणि तणावरून सरकणारा बेडूक. तिथे बीएफएसला जागा नाही, कितीही कस्टम केलेले असो.

तीनेक आठवड्यांनी मामांच्या जाळ्यात तीच मरळ आली. त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून स्पिनर परत दिला. पितळ काळे पडले होते, गळाचे टोक गंजून गेले होते. “तुमचा ऐवज,” ते म्हणाले. मरळ त्यांनी आधीच विकली होती.